जेरंटोलॉजी शिकायचीय, ज्येष्ठांसोबत काम करायचंय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीचे निकाल लागले की हे प्रश्न यायला लागतात. दुसरी लाट येते दिवाळीनंतर. बाहेरगावी असलेली मुलं चार दिवस घरी राहून, आईचा विसराळूपणा बघून परत गेलेली असतात. मी आधी एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं, मग जेरंटोलॉजीची पदव्युत्तर पदविका, आणि आता बारा वर्षं ज्येष्ठांच्या घरी जा-ये करतेय. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. सोपे आधी, अडचणीचे शेवटी.

१. जेरंटोलॉजी म्हणजे म्हाताऱ्यांचा डॉक्टर होणं का?

नाही. म्हातारपणातल्या आजारांवर उपचार करणारी वैद्यकशाखा म्हणजे जेरियाट्रिक्स. त्यासाठी आधी एम.बी.बी.एस. लागतं. जेरंटोलॉजी म्हणजे वार्धक्यशास्त्र. शरीर कसं थकतं, मन कसं बदलतं, पैसा, घर, नाती, कायदा, एकटेपण हे सगळं त्यात येतं. जेरंटोलॉजी हा शब्द पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या इल्या मेचनिकोव्ह यांनी १९०३ मध्ये वापरात आणला. जेरियाट्रिक्स हा शब्द इग्नाझ नाशर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९०९ मध्ये दिला. ग्रीक ‘गेरोन’ आणि आपली संस्कृत ‘जरा’ एकाच कुळातल्या आहेत. जरठ-कुमारी विवाहातला ‘जरठ’ही त्याच घरातला. त्यामुळे शब्द वाटतो तितका परका नाही.

२. कुठल्या पदवीनंतर प्रवेश मिळतो? माझं बी.कॉम. झालंय.

पदव्युत्तर पदविकेला साधारणपणे कुठल्याही शाखेची पदवी चालते. माझ्या वर्गात एक बँकवाले होते, दोन नर्स होत्या, एक गृहविज्ञानवाली होती आणि एक वकील. बी.कॉम.वाल्याला एक फायदाच असतो. पेन्शन, ठेवी, वारसनोंद यांत ज्येष्ठांची निम्मी काळजी अडकलेली असते आणि आम्हा समाजकार्यवाल्यांना त्या कागदांची भीती वाटते.

मात्र एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. आपल्याकडे एकट्या जेरंटोलॉजीच्या पदविकेवर पोट भरत नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी पायावर चढवायची असते : समाजकार्य, नर्सिंग, फिजिओथेरपी, मानसशास्त्र, वैद्यक, कायदा, नाहीतर कामाचा अनुभव. पाया असेल तर ती तुम्हाला वीस जणांतून वेगळं काढते. नसेल तर मुलाखतीत “म्हणजे नक्की काय करता?” याचं उत्तर देताना घाम फुटतो.

३. महाराष्ट्रात हे शिकायला कुठे जायचं?

मुंबईत देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस. तिथल्या आजीवन शिक्षण केंद्राचा जेरंटोलॉजीतला एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता यावा अशा बेताने आखलेला आहे. प्रवेशाची जाहिरात बघूनच पुढचं ठरवा. मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

पाया आणि विषय एकदमच हवे असतील तर एम.एस.डब्ल्यू. करा आणि फील्डवर्क, प्रबंध दोन्ही ज्येष्ठांवर घ्या. मुंबईचं निर्मला निकेतन (१९५५) आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) ही त्यासाठी जुनी, भरवशाची नावं. माझ्या मते विशीतल्या मुलामुलींसाठी हाच रस्ता बरा.

आकड्यांची आवड असेल तर देवनारलाच टिसच्या शेजारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी करणारा ‘लासी’ हा अभ्यास (पहिली फेरी २०१७-१८) तिथूनच चालतो. पण तिथे तुम्ही लोकसंख्याशास्त्र शिकाल. आजोबांना उठवून बसवायला शिकणार नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेनेही ज्येष्ठसेवेचे पदविका आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवले आहेत.

४. बारावीनंतर थेट जेरंटोलॉजी करता येईल का?

थेट त्यातच पदवी घेण्याच्या मागे लागू नका. बी.एस.डब्ल्यू., बी.एस्सी. नर्सिंग, बी.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी) किंवा मानसशास्त्रात बी.ए. करा. त्या वर्षांत शनिवारी गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बसा. तीन वर्षं शनिवार पाळलात तर प्रवेशाच्या मुलाखतीत तुम्हाला वेगळी तयारी करावी लागणार नाही.

५. अभ्यासक्रमात नेमकं काय शिकवतात?

जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, पोषण, धोरणं, कायदा, संशोधनपद्धती अशी यादी माहितीपत्रकात मिळेलच. खरी गंमत मोजपट्ट्यांमध्ये आहे, म्हणून त्यांच्यावर जरा थांबते.

सिडनी कॅट्झ यांची १९६३ सालची सूची सहा गोष्टी विचारते : अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. माणूस यांतलं काय काय स्वतः करतो त्यावरून त्याला किती मदत लागेल ते ठरतं. १९६९ ची लॉटन-ब्रॉडी सूची त्यापुढे जाते. ती फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचा व्यवहार अशा आठ गोष्टी बघते. आता आपल्या घरातले आजोबा घ्या. जन्मात चहा केलेला नाही. त्यांना स्वयंपाकात शून्य द्यायचं का? आजी कधी बँकेत गेलीच नाही, तर तिला व्यवहार जमत नाही असं लिहायचं का? मूळ सूचीतसुद्धा पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि धुणं वगळायची मुभा होती. ‘येत नाही’, ‘येईनासं झालं’ आणि ‘कधी करूच दिलं नाही’ हे तीन वेगळे रकाने आहेत, आणि ते वेगळे ओळखणं हा या शिक्षणाचा गाभा आहे.

स्मरणशक्तीच्या चाचण्यांचंही तसंच. तीस गुणांची जी चाचणी सगळीकडे वापरतात ती १९७५ ची अमेरिकेतली. तिच्यात वाक्य लिहायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. शाळा न पाहिलेल्या माणसाचं काय? त्यासाठी हरियाणातल्या बल्लभगडमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी १९९० च्या दशकात निरक्षरांनाही देता येईल असं हिंदी रूप तयार केलं. मी एका आजींना तारीख विचारली होती. त्या म्हणाल्या, “परवा एकादशी झाली, म्हणजे आज त्रयोदशी.” अगदी बरोबर होतं. फॉर्मवर मात्र तिथीला रकाना नव्हता.

तिसरी चाचणी घरी करून बघण्यासारखी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. करताना शेजारी उभे राहा.

६. फील्डवर्क म्हणजे वृद्धाश्रमात जाऊन भजनं म्हणायची का?

भजनं वाईट नाहीत, पण त्याला फील्डवर्क म्हणत नाहीत. शाळेची सहल येते, केळी वाटते, फोटो काढते आणि जाते. एका आश्रमातल्या आजोबांनी मला विचारलं होतं, “आज किती वेळा वाढदिवस करायचाय आमचा?”

खरं काम असं असतं. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात कॅरम खेळणाऱ्यांपैकी गेले दोन आठवडे कोण आलं नाही ते बघायचं आणि त्याच्या घरी जायचं. रुग्णालयातून खुब्याचं हाड जोडून घरी चाललेल्या बाईंचा जिना मोजायचा, संडासात धरायला दांडी बसेल का ते बघायचं. श्रावणबाळ योजनेचा (गरजू ज्येष्ठांना मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्याचा) अर्ज भरताना वयाचा पुरावा नसेल तर काय करायचं, हे तहसील कचेरीत उभं राहून शिकायचं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना बोटांचे ठसे घासून गेलेले असतात, यंत्र ओळखत नाही, आणि समोर बसलेला जिवंत माणूस जिवंत आहे हे पटवायला दुपार जाते.

पहिल्या महिन्यात नुसतं ऐकायचं असतं. तेच सर्वांत अवघड जातं, विशेषतः हुशार मुलांना.

७. मी एम.बी.बी.एस. आहे. जेरंटोलॉजी करू की जेरियाट्रिक्स?

उपचार करायचे असतील तर नीट-पीजी देऊन जेरियाट्रिक मेडिसिनमध्ये एम.डी. किंवा डी.एन.बी. करा. देशात हे एम.डी. पहिल्यांदा सुरू झालं ते १९९६ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात. ते उभारणारे डॉ. व्ही. एस. नटराजन यांना पुढे पद्मश्री मिळाली. दिल्लीच्या एम्समध्ये ते २०१२ च्या सुमारास आलं. जागा कमी आहेत. प्रॅक्टिस सोडायची नसेल तर इग्नूने एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी काढलेली जेरियाट्रिक मेडिसिनची पदविका चालू सत्रात उघडी आहे का ते बघा. कुठल्याही पदविकेमुळे मात्र तुम्ही ‘स्पेशालिस्ट’ होत नाही. पाटीवर तसं लिहू नका.

८. नर्स किंवा फिजिओथेरपिस्टला याचा उपयोग आहे का?

सगळ्यांत जास्त त्यांनाच. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात (२०१०-११ पासून) डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांची पदं असतात. तिथे नुसत्या ‘जेरंटोलॉजिस्ट’ला खुर्ची नाही. तुमच्याकडे पाया आहे, त्यावर ही पदविका चढवा.

९. केअरटेकरचा तीन-सहा महिन्यांचा कोर्स आणि ही पदविका एकच का?

नाही, आणि या गोंधळापायी दोन्हीकडची माणसं फसतात. केअरटेकर किंवा जेरियाट्रिक केअर असिस्टंटचे कोर्स हे हाताच्या कामाचे : स्पंज देणं, कूस बदलणं, बेडसोर होऊ न देणं, डायपर, नळीतून भरवणं. दहावीपर्यंत शिकलेल्यांना ते घेता येतात आणि ब्युरोतून लगेच काम मिळतं. पदविका हे नियोजनाचं, समुपदेशनाचं, व्यवस्था चालवण्याचं शिक्षण.

पदविकावाल्यांनी मात्र पंधरा दिवस तरी हाताचं काम करून घ्यावं. ज्याने कधी कुणाची कूस बदललेली नाही त्याने आठ तास ते करणाऱ्या मावशींना वेळापत्रक आखून देऊ नये.

१०. नोकरी कुठे मिळते आणि पगार किती?

हेल्पएज इंडिया (१९७८), मुंबईची डिग्निटी फाउंडेशन (१९९५), स्मृतिभ्रंशावर काम करणारी ए.आर.डी.एस.आय. (१९९२) अशा संस्था. रुग्णालयांचे समाजसेवा विभाग. घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्या. पुण्यातल्या अथश्रीसारखे ज्येष्ठांचे गृहप्रकल्प. डे केअर केंद्रं. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, म्हणजे एल्डरलाइनलाही फोन घेणारी आणि प्रत्यक्ष घरी जाणारी माणसं लागतात.

पगाराचं स्पष्टच सांगते. स्वयंसेवी संस्थेत सुरुवातीला आयटीतला मित्र महिन्याला जेवढा हप्ता भरतो तेवढा तुमचा पगार असेल. कंपन्या जास्त देतात, पण तिथे ‘ग्राहक’ म्हणजे बहुधा परदेशातला मुलगा, आजोबा नव्हे. ज्याला खूष ठेवायचं तो आणि ज्याची सेवा करायची तो, ही माणसं वेगळी असतात, हे ऑफर लेटर घेतानाच लक्षात ठेवा.

११. मागणी खरंच वाढणार आहे का, की नुसतीच चर्चा?

२०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं देशात ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९, गोव्यात ११ च्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाचा अंदाज असा, की २०५० पर्यंत देशात दर पाचांत एक साठीपुढचा असेल. गरज वाढणार यात वाद नाही. गरज आणि पगाराची जागा यांत मात्र फरक असतो. कोकणातल्या गावात बंद घरांच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या आजींना गरज आहे, पण तिथे नेमणूक करणारं कोणी नाही.

१२. ऑनलाइन किंवा दूरस्थ पदविका चालेल का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाची त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, तेवढं आधी बघा. मान्यता असली तरी ज्यात फील्डवर्क नाही तो कोर्स घेऊ नका. एका खासगी संस्थेने माझ्या ओळखीच्या मुलीला चाळीस व्हिडिओ दाखवून ‘सर्टिफाइड जेरंटोलॉजिस्ट’ केलं. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी रागाने ताट भिरकावलं, तेव्हा तिला कळेना की हा स्वभाव आहे, आजार आहे की भाजी तिखट आहे. (तिखटच होती.)

१३. जेरंटोलॉजीतून नेट देता येते का? प्राध्यापक व्हायचंय.

नेटमध्ये जेरंटोलॉजी असा स्वतंत्र विषय नाही. समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान किंवा लोकसंख्या अभ्यास यांपैकी ज्यात तुमची पदव्युत्तर पदवी आहे त्यातून द्या आणि पीएच.डी.चा विषय वार्धक्याचा घ्या. पदविका म्हणजे पदव्युत्तर पदवी नव्हे. तिच्या जोरावर पीएच.डी.ला प्रवेश मिळत नाही. पायाचा मुद्दा पुन्हा इथेही आलाच (प्रश्न २).

१४. ज्येष्ठ नागरिक नक्की कितव्या वर्षी? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कारण प्रत्येक योजना वेगळं सांगते. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्यात साठ. श्रावणबाळ योजनेत पासष्ट. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४, चष्मा, काठी अशा साहित्यासाठी एकदाच ३ हजार रुपये) पासष्ट. एस.टी.त पासष्टनंतर अर्धं तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर मोफत. उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान कार्ड सत्तरीनंतर. परीक्षेत साठ लिहा, फील्डवर आधार कार्डावरची जन्मतारीख बघा. अनेकांच्या कार्डावर १ जानेवारी किंवा १ जून असते. ती बहुतेक वेळा कोणीतरी अंदाजाने घातलेली असते.

१५. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, निवृत्तीनंतर हे शिकू शकतो का?

जरूर शिका. तुमचं वय इथे अडसर नाही. दोन सावधगिऱ्या. “आमच्या वेळी” हे शब्द गिळायची सवय करा. आणि आधी जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद व्हा. राज्यभरातल्या संघांचा महासंघ, फेस्कॉम, १९८० पासून आहे. वर्गात जे ‘सामाजिक सहभाग’ म्हणून शिकवतात ते तिथे रोज संध्याकाळी चालू असतं, भांडणांसकट.

१६. घरी आजीला स्मृतिभ्रंश आहे. तिला सांभाळायला हा कोर्स करू का?

त्यासाठी वर्षभराची पदविका नको. काळजीवाहू कुटुंबीयांच्या आधारगटात जा, हाताच्या कामाचा छोटा कोर्स करा (प्रश्न ९) आणि उरलेल्या पैशांत आठवड्यातून दोन दिवस बदली माणूस ठेवून झोप काढा.

१७. जर्मनीला जायचंय. ही पदविका तिथे चालेल का?

तुम्हाला बहुधा नर्सिंगचं विचारायचं असतं. जर्मनीत पूर्वी वृद्धांच्या नर्सिंगचं वेगळं प्रशिक्षण होतं. २०२० पासून ते सर्वसाधारण नर्सिंगच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणात मिसळलं. शिकत असताना विद्यावेतन मिळतं, पण जर्मन भाषा पक्की हवी. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून हा प्रश्न जास्तच येतो. आपली जेरंटोलॉजीची पदविका तिथे नर्सिंगची पात्रता म्हणून धरत नाहीत.

विद्यापीठीय जेरंटोलॉजीच हवी असेल तर अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचं १९७५ साली सुरू झालेलं लिओनार्ड डेव्हिस स्कूल आहे, कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठ आहे.

१८. पदविकेनंतर स्वतःचं ‘ज्येष्ठ समुपदेशन केंद्र’ काढू शकतो का? परवाना लागतो का?

जेरंटोलॉजिस्टची नोंदणी करणारी परिषद आपल्याकडे नाही. म्हणून परवाना लागत नाही, आणि म्हणूनच सांभाळून राहावं लागतं. ऐकून घेणं, कुटुंबाची बैठक घडवणं, घराची पाहणी, योजनांची मदत हे करा. नैराश्याचं किंवा स्मृतिभ्रंशाचं निदान करू नका, औषध बदलू नका. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. चाचणीत गुण कमी आले (प्रश्न ५) तर कागदावर “डॉक्टरांकडे पाठवलं” एवढंच लिहायचं.

१९. आजोबांनी घर मुलाच्या नावावर केलं, आता तो बघत नाही. मी त्यांच्या वतीने काय करू शकते?

बरंच काही. २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अर्ज स्वतः ज्येष्ठाने करावा. ते शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते, म्हणजे तुम्हीही. कलम १७ प्रमाणे तिथे वकील लावता येत नाही, त्यामुळे कागद नीट लावून देणारा माणूस मोलाचा ठरतो. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना १० हजार रुपये आहे.

घर परत मिळवणं कलम २३ मध्ये येतं. इथे मेख आहे. ‘सांभाळशील या अटीवर दिलं’ हे दिसलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ही अट सिद्ध करावी लागेल असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात मात्र कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, तो उदारपणे वाचा, असं सांगितलं. म्हणून बक्षीसपत्र अजून व्हायचं असेल तर अट त्यातच लिहून घ्यायला सांगा आणि मसुद्यासाठी वकिलाकडे पाठवा.

अर्ज भरण्याआधी आजोबांना एकट्यात विचारा की त्यांना अर्ज करायचाय का. दहातले सहा-सात जण माझ्यासमोर रडतात आणि शेवटी म्हणतात, “जाऊ दे, पोरगाच आहे.” तो त्यांचा निर्णय. तुम्ही फक्त विचारत राहायचं, दर भेटीला.

२०. एक आजी दर वेळी हातात पैसे कोंबतात. आता सोन्याची अंगठी देतायत. घेऊ का?

चहा घ्या, लाडू घ्या, संक्रांतीचा तिळगूळ घ्या. दहा रुपये कोंबले तर घ्या आणि पुढच्या वेळी त्याची फुलं घेऊन जा. अंगठी घेऊ नका, सांभाळायलाही नाही. “आजी, संस्थेचा नियम आहे, माझी नोकरी जाईल” असं सांगितलं की त्यांचा मान राहतो. त्याच दिवशी भेटीच्या वहीत तारखेसकट नोंद करा आणि वरिष्ठांना कळवा. अंगठी उद्या उशीखाली सापडली नाही तर पहिलं नाव तुमचं येणार. आणि त्याच आजी दुसऱ्या कुणाला तरी काय काय देतायत, तेही हळूच विचारून बघा.